वेल्श जीवन व संस्कृती : युद्धवर्ष १९४०

वेल्श जीवन व संस्कृती, १९४० मधील : ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्स या देशातील लोकजीवन, भाषा व वाङ्‌मय यांवर दुसऱ्या महायुद्धाच्या (१९३९–४५) पहिल्या पूर्ण वर्षात झालेल्या परिणामांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. युद्धाच्या सर्वसाधारण इतिहासात १९४० हे साल डंकर्कची माघार, फ्रान्सचा पाडाव आणि लंडनवरील बाँबवर्षाव यांसाठी ओळखले जाते. वेल्श भाषेच्या इतिहासात त्याचे महत्त्व निराळे आहे. लढणारे राज्य एका भाषेत कारभार करते आणि त्यातील एक समाज दुसऱ्या भाषेत जगतो, अशा वेळी युद्धाच्या निकडीपुढे त्या लहान भाषेची गत काय होते, हे या वर्षातील घटनांवरून स्पष्ट दिसते. वेल्श बोलली जाणारी भूमी त्या वर्षी प्रत्यक्ष आकसली; पुढे ज्या संस्थांच्या आधारे ही भाषा तगून राहिली, त्यांतील काहींचा उगमही त्याच सुमाराचा आहे. मात्र ज्यांनी गमावले ते डोंगरातील मेंढपाळ शेतकरी होते आणि ज्यांनी नवे काही उभारले तो प्रायः नगरांतील सुशिक्षित वर्ग होता. एकाची भरपाई दुसऱ्याच्या लाभाने झाली, असे म्हणता येत नाही.

पार्श्वभूमी : १५३६ व १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडला जोडला गेला आणि न्यायालये व शासन यांची भाषा इंग्रजी ठरली. वेल्शला आश्रय मिळाला तो मुख्यतः धर्मजीवनात. विल्यम मॉर्गनकृत बायबलचे वेल्श भाषांतर १५८८ मध्ये प्रसिद्ध झाले व त्याने गद्याला प्रमाणरूप दिले. अठराव्या शतकातील मेथडिस्ट पुनरुज्जीवनानंतर गावोगावी चॅपेले उभी राहिली. चॅपेल हे केवळ उपासनेचे स्थान नव्हते. रविवारशाळा, समूहगायन, वाचन, वादसभा हे सारे तेथेच चाले आणि सर्व व्यवहार वेल्शमध्ये होई. त्याच्या जोडीला आइस्तेद्वोद हा कवी व गायकांच्या स्पर्धांचा उत्सव. राष्ट्रीय आइस्तेद्वोद दरवर्षी आळीपाळीने उत्तर व दक्षिण वेल्समध्ये भरतो. बंधबद्ध वृत्तांतील दीर्घकाव्याला खुर्चीचा आणि मुक्त वृत्तांतील काव्याला मुकुटाचा मान देण्यात येतो. कवितेसाठी हजारो माणसे एका मंडपात जमतात, हे दृश्य यूरोपात अन्यत्र क्वचितच आढळते.

१९११ च्या जनगणनेत ४३·५ टक्के लोक वेल्श बोलत. १९३१ मध्ये हे प्रमाण ३६·८ टक्क्यांवर (९,०९,२६१) आले. त्यांपैकी सु. ९८ हजारांना वेल्शखेरीज अन्य भाषा येत नव्हती. दोन युद्धांमधील काळात कोळसा, पोलाद व स्लेट या उद्योगांना मंदीचा जबर तडाखा बसून चार लाखांहून अधिक लोकांनी देश सोडला. दक्षिणेतील कोळसाक्षेत्रात १९२० मध्ये अडीच लाखांवर खाणकामगार होते; युद्ध सुरू होताना त्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली होती. अशा खचलेल्या समाजावर युद्ध येऊन आदळले.

युद्धापूर्वीच राज्यसंस्था व भाषाभिमानी यांच्यात एक मोठा संघर्ष घडून गेला होता. लीन द्वीपकल्पातील पेनीबर्थ येथे विमानदलाचे बाँबफेक-प्रशिक्षण केंद्र उभारण्यास विरोध म्हणून साँडर्स ल्यूइस (१८९३–१९८५), ल्यूइस व्हॅलेंटाइन (१८९३–१९८६) व डी. जे. विल्यम्स (१८८५–१९७०) या तीन लेखकांनी सप्टेंबर १९३६ मध्ये तेथील साहित्याला आग लावली व स्वतः पोलिसांकडे जाऊन तसे सांगितले. कार्नारव्हन येथील ज्यूरीचे एकमत होईना, म्हणून खटला लंडनला नेण्यात आला व तिघांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. साँडर्स ल्यूइस यांची स्वान्झी येथील अध्यापकाची जागाही गेली. वेल्श माणसाला स्वतःच्या देशातील न्यायालयात स्वतःच्या भाषेत बोलण्याचा हक्क नाही, ही गोष्ट या खटल्याने सर्वांच्या नजरेत आणली. तो हक्क मागणारा अर्ज १९३८ मध्ये प्रसृत करण्यात आला व त्यावर अडीच लाखांहून अधिक सह्या झाल्या. युद्ध सुरू झाले तेव्हा सह्यांचे काम चालूच होते.

नभोवाणी, स्थलांतरित मुले व शाळा : ब्रिटिश नभोवाणीचा स्वतंत्र वेल्स विभाग जुलै १९३७ मध्ये, दीर्घ खटपटीनंतर मिळाला होता. शत्रूच्या विमानांना प्रक्षेपणकेंद्रांच्या आधारे दिशा शोधता येऊ नये, या कारणास्तव १ सप्टेंबर १९३९ रोजी सर्व प्रादेशिक कार्यक्रम बंद करून एकच राष्ट्रीय सेवा ठेवण्यात आली. वेल्शच्या वाट्याला त्या सेवेतील आठवड्याचे काही थोडे तास आणि एक छोटे बातमीपत्र एवढेच उरले. हे बातमीपत्रही भाषाप्रेमापोटी राहिले असे नाही. अंधारबंदी, शिधावाटप, हवाई हल्ल्याच्या सूचना या गोष्टी केवळ वेल्श जाणणाऱ्या माणसांना समजावून देणे शासनाला भाग होते. तथापि १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्समधील बातम्या डोंगरातल्या घराघरांत त्या बातमीपत्राद्वारे पोहोचल्या आणि युद्ध, राजकारण, अर्थकारण यांची आधुनिक परिभाषा वेल्शमध्ये रोजच्या रोज घडविली गेली. भाषेच्या दृष्टीने हा लाभ लहान नव्हता.

सप्टेंबर १९३९ पासून लिव्हरपूल व त्याच्या परिसरातील मुले उत्तर आणि मध्य वेल्समध्ये पाठविण्यात आली. बाँबहल्ले न झाल्याने अनेक मुले नाताळपूर्वी परत गेली. १९४० च्या उन्हाळ्यात स्थलांतराची दुसरी लाट आली व आग्नेय इंग्लंडच्या किनाऱ्यावरील मुले दक्षिणेतील खाणींच्या खोऱ्यांत आली. शहराच्या गरीब वस्तीतील, पुष्कळदा रोमन कॅथलिक असलेले मूल आणि त्याला घरात घेणारे चॅपेलनिष्ठ वेल्श कुटुंब यांच्यात आरंभी अडचणी आल्या. रविवारी खेळावे की नाही, जेवताना कोणती भाषा बोलावी, अशा साध्या बाबींवरून कुरबुरी होत. लहान शाळांत एकाएकी इंग्रजी मुलांची संख्या वाढल्याने वर्गाची भाषा बदलेल, ही भीती मोठी होती. प्रत्यक्षात पुष्कळ खेड्यांत उलट घडले : लहान वयात आलेली मुले काही महिन्यांत वेल्श बोलू लागली व चॅपेलमध्ये पाठांतरे म्हणू लागली. मोठ्या गावांत मात्र ही भीती खरी ठरण्याची चिन्हे होती.

अबरिस्टविथ येथे ‘इर्द गोबाइथ कम्री’ (वेल्सचा आशासंघ) या १९२२ मध्ये स्थापन झालेल्या युवकसंघटनेचे संस्थापक इवान अब ओवेन एडवर्ड्‌झ (१८९५–१९७०) यांनी सप्टेंबर १९३९ मध्ये वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा काढली. नोरा आयझॅक (१९१४–२००३) या तरुण शिक्षिकेच्या हाती सात मुले सोपविण्यात आली. शाळा खाजगी होती आणि फी भरू शकणाऱ्या पालकांचीच मुले तीत येऊ शकत. यावर टीका झाली व ती अन्यायाची नव्हती. तरीही सर्व विषय वेल्शमधून शिकविता येतात, हे प्रथम या शाळेने दाखविले. स्थानिक शासनाने चालविलेली पहिली वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा लॅनेल्ली येथे १९४७ मध्ये उघडली, तिच्यामागे हाच अनुभव होता.

एपिंटचे निष्कासन : १९४० मधील सर्वांत दूरगामी घटना ब्रेकनशरमधील मनिद एपिंट या डोंगराळ पठारावर घडली. पठाराच्या कुशीतील लहान लहान खोऱ्यांत मेंढपाळ शेतकऱ्यांची विखुरलेली घरे होती. गाव म्हणावे असे काही नव्हते; बॅबेल नावाचे चॅपेल, किलिएनी खोऱ्यातील शाळा आणि जुन्या गुरेव्यापाऱ्यांच्या वाटेवरील ‘ड्रोव्हर्स आर्म्स’ हा मद्यालय-पथिकाश्रम, एवढ्यांभोवती तो समाज गुंफलेला होता. पूर्वेकडील बिल्थच्या बाजूस इंग्रजी पसरली होती. एपिंटवर मात्र वेल्श हीच घराची, बाजाराची व प्रार्थनेची भाषा होती. त्या भागातील वेल्श भाषाप्रदेशाची ही पूर्वेकडील कड होय.

युद्धखात्याचे अधिकारी प्रथम १९३९ च्या अखेरीस पाहणीसाठी आले. मार्च १९४० मध्ये घरे सोडण्याच्या सूचना बजावण्यात आल्या. तोफखान्याच्या सरावासाठी सु. १२,००० हेक्टर (३०,००० एकर) जमीन हवी होती. आरंभी दिलेली मुदत मेंढ्यांच्या विण्याच्या हंगामात येत असल्याने ती जूनअखेरपर्यंत वाढविण्यात आली. या मुदतीत ५४ घरांतील २१९ माणसे बाहेर पडली. शासनाने त्यांच्यासाठी एकत्र वसाहतीची कोणतीही योजना केली नाही. ज्याला जेथे शेत मिळाले तेथे तो गेला. अनेकजण कुळे होती, त्यांना मिळालेली भरपाई अल्प होती.

या भरपाईच्या हिशेबात बसू न शकणाऱ्या काही गोष्टी होत्या. डोंगरातील मेंढ्या कुंपणाविना चरतात. आईबरोबर फिरता फिरता कोकराला आपला उतार कळतो व तो कळप पिढ्यानपिढ्या त्याच टापूत राहतो. या टापूला वेल्शमध्ये ‘कनेविन’ असे म्हणतात आणि माणसाच्या परिचित परिसरालाही तोच शब्द वापरतात. कळप विकला किंवा हलविला की ही सवय मोडते व नव्या जागी ती बसविण्यास बरीच वर्षे लागतात. माणसांच्या बाबतीतही तेच झाले. शेजारच्या मदतीने लोकर कातरणे, पीट कापणे, चॅपेलमधील गायन, लग्नसंबंध हे सर्व त्या चोपन्न घरांच्या परस्परसंबंधांवर उभे होते. ती घरे विखुरताच प्रत्येक कुटुंब नव्या, बहुधा इंग्रजीकडे झुकलेल्या वस्तीत एकटे पडले.

कार्डिफ येथील राष्ट्रीय संग्रहालयातील लोकजीवनाचे अभ्यासक योरवेर्थ पीट (१९०१–८२) अखेरच्या दिवसांत घरांची छायाचित्रे व नोंदी घेण्यासाठी एपिंटवर गेले होते. एका अंगणात त्यांना एक वृद्धा खुर्ची टाकून डोंगराकडे पाहत बसलेली दिसली. तिने त्यांना कोठून आलात असे विचारले आणि कार्डिफ हे नाव ऐकताच, लवकर परत जा, येथे जगाचा शेवट झाला आहे, अशा अर्थाचे उत्तर दिले. पीट यांनी पुढे लिहिलेल्या या आठवणीमुळे एपिंटचे नाव वेल्सभर झाले. पीट स्वतः शांततावादी होते. लष्करी सेवेस सदसद्विवेकबुद्धीने नकार दिल्याबद्दल १९४१ मध्ये संग्रहालयाने त्यांना कामावरून दूर केले आणि लोकांनी निषेध केल्यावर परत घेतले. कार्डिफजवळ सेंट फेगन्झ येथे १९४८ मध्ये सुरू झालेले लोकजीवनाचे खुले संग्रहालय ही त्यांची मोठी कामगिरी होय. तेथे जुनी शेतघरे दगडन्‌दगड हलवून पुन्हा उभारलेली आहेत. एपिंटवरील घरे पाहिलेल्या माणसाला असे संग्रहालय उभारावेसे का वाटले, हे सांगण्याची गरज नाही.

युद्ध संपल्यावर आपण परत येऊ, अशी पुष्कळांची समजूत होती. एक शेतकरी घराच्या भिंती ओलीने ढासळू नयेत म्हणून अधूनमधून जाऊन चूल पेटवून येत असे. अखेर लष्कराने ते घर सुरुंगाने उडविले, असे सांगितले जाते. चॅपेलही पडले. निषेध झाला, पण तो पेनीबर्थच्या वेळेसारखा तीव्र झाला नाही. वेल्श संस्कृतीच्या रक्षणासाठी डिसेंबर १९३९ मध्ये स्थापन झालेल्या समितीने व वेल्श राष्ट्रीय पक्षाने विनंत्या केल्या, शिष्टमंडळे नेली. परंतु मे-जून १९४० मध्ये जर्मन सैन्य इंग्लिश खाडीपर्यंत आले असताना तोफखान्याच्या सरावभूमीला विरोध करणे बहुतेकांना अप्रशस्त वाटले. एपिंटवरील शेतकऱ्यांनीही शांतपणे घरे सोडली. त्यांची मुले सैन्यात होतीच. येथे एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. अबरिस्टविथ येथील वनस्पतिपैदास केंद्राचे जॉर्ज स्टेपलडन (१८८२–१९६०) यांच्या संशोधनाच्या आधारे डोंगरउतारावरील कुरणे नांगरून अन्नोत्पादन वाढविण्याची मोहीम शासनाने याच काळात चालविली होती व नांगरलेल्या एकरामागे दोन पौंडांचे अनुदान १९३९ पासून दिले जात होते. शेजारच्या परगण्यात डोंगर नांगरण्यास पैसे मिळत होते आणि एपिंटवर नांगर थांबला होता. या निष्कासनामुळे वेल्श भाषेची सीमा त्या भागात सु. १५ किमी. पश्चिमेकडे सरकली, असा अंदाज केला जातो.

खाणी, कारखाने व हवाई हल्ले : दक्षिण वेल्सचा कोळसा मोठ्या प्रमाणावर फ्रान्सला जाई. जून १९४० मध्ये ती बाजारपेठ एका आठवड्यात नाहीशी झाली व युद्ध ऐन भरात असताना हजारो खाणकामगार बेकार झाले. त्यांतील पुष्कळजण कारखान्यांत किंवा सैन्यात गेले आणि पुढील वर्षी कोळशाची टंचाई भासू लागली तेव्हा त्यांना खाणीत परत आणणे अवघड झाले. याच उन्हाळ्यात संपबंदीचा आदेश काढण्यात आला. तो खोऱ्यांत फारसा पाळला गेला नाही.

ब्रिजेंड येथील प्रचंड दारूगोळा कारखान्यात १९४० मध्ये उत्पादन सुरू झाले. ग्लासकोइड येथेही असाच कारखाना उघडला. ब्रिजेंडमधील कामगारांची संख्या पुढे तीस हजारांवर गेली व त्यांत स्त्रियांचा भरणा होता. खाणींच्या खोऱ्यांत स्त्रीला पगारी काम जवळजवळ नव्हतेच. मुली इंग्लंडमध्ये घरकामाला जात. आता त्या पहाटे बसने व आगगाडीने कारखान्यात जाऊ लागल्या. स्फोटक द्रव्यांनी त्यांचे हात व केस पिवळे पडत आणि अपघातही होत. पण स्वतःच्या पाकिटातील पगार ही त्या घरांत नवी गोष्ट होती. चॅपेलने घालून दिलेली स्त्रीजीवनाची चौकट सैल होण्यास कोणत्याही व्याख्यानापेक्षा हे कारण अधिक प्रभावी ठरले. कारखान्यांत निरनिराळ्या भागांतील माणसे एकत्र आल्याने बोलण्याची भाषा सहसा इंग्रजी होई, ही त्याची दुसरी बाजू.

फ्रान्स पडल्यावर जर्मन विमानतळ जवळ आले व वेल्सची बंदरे हल्ल्याच्या टप्प्यात आली. १९ ऑगस्ट १९४० रोजी पेंब्रोक डॉकजवळील तेलाच्या टाक्यांवर बाँब पडून लागलेली आग अठरा दिवस जळत होती. ती विझविताना कार्डिफच्या अग्निशामक दलातील पाच जण मृत्यू पावले. कार्डिफवरील (२ जानेवारी १९४१) व स्वान्झीवरील (१९–२१ फेब्रुवारी १९४१) मोठे हल्ले पुढच्या वर्षातले. स्वान्झीचा मध्यभाग त्या तीन रात्रींत नष्ट झाला व २३० माणसे मरण पावली. गावोगावच्या चॅपेलांना अंधारबंदीचा उपद्रव निराळ्याच प्रकारे झाला. त्यांच्या उंच खिडक्या झाकणे कठीण असल्याने अनेक ठिकाणी सायंकाळची उपासना दुपारी घ्यावी लागली आणि रविवारच्या संध्याकाळी जमण्याची जुनी सवय मोडली.

इंग्लंडचा सांस्कृतिक ठेवा मात्र याच वेळी वेल्समध्ये सुरक्षित ठेवण्यात येत होता. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्रे बँगोर, पेनरिन व अबरिस्टविथ येथे आणली होती. १९४१ मध्ये ती ब्लाइनाउ फेस्टिनिओगजवळील मॅनोडच्या स्लेटखाणीत हलविण्यात आली. अबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयाखाली खडकात खोदलेले भुयार जुलै १९४० मध्ये तयार झाले व ब्रिटिश म्यूझीयममधील अनमोल हस्तलिखिते त्यात तपमान व आर्द्रता यांच्या काटेकोर नियंत्रणाखाली ठेवण्यात आली. एपिंट रिकामे होऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते.

आइस्तेद्वोद व वाङ्‌मय : १९३९ च्या डेन्बी येथील आइस्तेद्वोदमध्ये खुर्ची व मुकुट या दोन्ही मानांस पात्र काव्य न आढळल्याने ते कोणासही देण्यात आले नव्हते. १९४० चा उत्सव दक्षिणेतील माउंटन ॲश येथे व्हावयाचा होता. युद्धामुळे मोठा जमाव करणे अशक्य झाले, तेव्हा पहिल्या महायुद्धाच्या आरंभी (१९१४) झाला तसा खंड पडू नये म्हणून तो नभोवाणीवरून सादर करण्याचा निर्णय घेण्यात आला. मंडप, मिरवणूक व श्रोत्यांचा जमाव यांविना झालेला हा एकमेव नभोवाणी-आइस्तेद्वोद होय. निकाल व काव्यपरीक्षणे लोकांनी आपापल्या स्वयंपाकघरांत ऐकली. खुर्चीचा मान टी. रोलंड ह्यूझ (१९०३–४९) यांच्या ‘पेरेरिनियोन’ (यात्रेकरू) या काव्यास मिळाला. लॅनबेरिसच्या स्लेटखाणींच्या प्रदेशात वाढलेले ह्यूझ हे कार्डिफच्या नभोवाणी केंद्रावर निर्माते होते. ज्या माध्यमात ते नोकरी करीत त्याच माध्यमातून त्यांना कवींचा सर्वोच्च मान घोषित व्हावा, हा योगायोग त्या वर्षाला शोभणारा होता. दुर्धर मज्जारोगाने शरीर लुळे पडत असताना त्यांनी १९४३ पासून पाच कादंबऱ्या लिहिल्या. खाणकामगारांच्या जीवनाचे इतके जिव्हाळ्याचे चित्रण वेल्श गद्यात विरळाच.

कागदटंचाईने नियतकालिकांची संख्या व पाने घटली. इंग्रजीत लिहिणाऱ्या वेल्श लेखकांची दोन नियतकालिके १९३९-४० मध्ये बंद पडली व युद्धाच्या उत्तरार्धात पुन्हा निघाली. उलट लॅनडबिए येथील आनेरिन व अलन टाल्वन डेव्हिस या बंधूंनी १९४० मध्ये ‘ल्लिव्राइर द्रिउ’ ही स्वस्त वेल्श पुस्तकांची माला सुरू केली. खिशात मावणारी ही पुस्तके सैनिकांबरोबर बराकीत गेली आणि अंधारबंदीच्या लांबलचक रात्री घरोघर वाचली गेली. युद्धाने वाचक घडविला, असे या मालेच्या बाबतीत म्हणता येईल.

मतभेद व तुरुंगवास : युद्धाविषयी वेल्श लेखकांत एकमत नव्हते. साँडर्स ल्यूइस व राष्ट्रीय पक्ष यांनी वेल्स तटस्थ राहावा अशी भूमिका घेतली. ल्यूइस यांचे ‘बॅनर’ या साप्ताहिकातील जागतिक घडामोडींवरील सदर त्यातील स्वतंत्र विचारामुळे विरोधकही वाचीत. ‘अ ल्लेनॉर’ (साहित्यिक) या त्रैमासिकाचे संपादक डब्ल्यू. जे. ग्रिफिद (१८८१–१९५४) यांनी १९३७ मध्ये पेनीबर्थच्या तिघांची बाजू घेतली होती. पण नाझीवादाचा पराभव झाल्याखेरीज लहान राष्ट्रांना भवितव्य नाही, असे त्यांना वाटे. वेल्स विद्यापीठाच्या संसदीय जागेसाठी जानेवारी १९४३ मध्ये हे दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले व ग्रिफिद ३,०९८ विरुद्ध १,३३० मतांनी विजयी झाले. त्या निवडणुकीतील कटुता वेल्श वाङ्‌मयजगतात दीर्घकाळ टिकली. पोलंड व नॉर्वे यांची स्थिती पाहता ग्रिफिद यांचे मत अधिक वास्तव होते, असे मानावे लागते. एपिंटचा प्रश्न मात्र त्यांच्या भूमिकेने सुटत नव्हता.

चॅपेलांतील शांततावादाची परंपरा अद्याप जिवंत होती व इंग्लंडच्या मानाने वेल्समध्ये लष्करी सेवा नाकारणारांकडे काहीशा सहानुभूतीने पाहिले जाई. संशयाचे वातावरण तेथेही पोहोचले. अबरिस्टविथचे दंतवैद्य, माजी धर्मोपदेशक व साम्यवादी कवी टी. ई. निकलस (१८७९–१९७१) यांना जुलै १९४० मध्ये मुलासह विनाखटला अटक झाली. घरात सापडलेले कागदी निशाण हा त्यांच्याविरुद्धचा मुख्य पुरावा; वृत्तपत्राने वाचकांना युद्धाच्या नकाशावर टोचण्यासाठी विकलेल्या निशाणांपैकी ते होते. स्वान्झी व ब्रिक्स्टन येथील तुरुंगांत त्यांनी शौचकागदावर दीडशेच्या आसपास सुनीते लिहिली. सुटकेनंतर त्यांतील काही ‘ल्लिगद अ द्रूस’ (दाराचा डोळा) या संग्रहात १९४० मध्येच प्रसिद्ध झाली. कोठडीच्या दारातील पाळतीच्या भोकावरून हे नाव दिले आहे.

इंग्रजीतील वेल्श आविष्कार : दक्षिणेतील खोऱ्यांचे जीवन बाहेरच्या जगाला इंग्रजीतूनच कळले. अमेरिकन गायक-नट पॉल रोबसन (१८९८–१९७६) यांची भूमिका असलेला द प्राउड व्हॅली हा चित्रपट फेब्रुवारी १९४० मध्ये प्रथम नभोवाणीवरून ध्वनिरूपाने प्रसारित झाला. कामगार स्वतः खाण चालवितात, हा त्याचा मूळचा शेवट युद्ध सुरू झाल्यावर बदलून मालक-कामगार सहकार्याचा करण्यात आला.

ॲबरडेअरजवळील कूमामान या खाणगावात जन्मलेला कवी अलन ल्यूइस (१९१५–४४) याने युद्धाविषयी मनात द्विधाभाव असतानाही १९४० मध्ये सैन्यात प्रवेश केला. हँपशरमधील छावणीतील पावसाळी रविवारच्या कंटाळवाण्या निष्क्रियतेवरील त्याची कविता जानेवारी १९४१ मध्ये प्रसिद्ध झाली व युद्धकाव्यात नवा, हळुवार सूर आला. डिसेंबर १९४२ मध्ये तो साउथ वेल्स बॉर्डरर्स पलटणीबरोबर मुंबईस उतरला. पलटणीचा तळ पुण्याजवळ नीरा येथे पडला होता. पुण्याच्या लष्करी रुग्णालयातही काही काळ त्याला काढावा लागला. ‘द महारट्टा घाट्स’ ही त्याची कविता या प्रदेशातील उन्हाने तडकलेली जमीन व शेतकऱ्याचे दारिद्र्य यांविषयी आहे. नीरेकाठच्या करंजे गावावरही त्याने कविता लिहिली. वेल्समधील बेकारीचा काळ पाहिलेल्या या कवीला येथील दैन्य परके वाटले नाही. ५ मार्च १९४४ रोजी आराकान आघाडीवर स्वतःच्या पिस्तुलातील गोळीने त्याचा मृत्यू झाला. सैनिकी चौकशीत तो अपघात ठरविण्यात आला.

पुढील घडामोडी : संस्कृतिरक्षण समितीतून १९४१ मध्ये ‘इंदेब कम्री वीद’ (भावी वेल्स संघ) ही संस्था निर्माण झाली. दूरदेशीच्या वेल्श सैनिकांसाठी ती ‘कोव्हियोन कम्री’ (वेल्सची आठवण) हे मासिक पाठवीत असे. आइस्तेद्वोद १९४१ मध्ये ओल्ड कॉल्विन येथे लहान स्वरूपात पुन्हा प्रत्यक्ष भरला. भाषाहक्काच्या अर्जाची परिणती १९४२ च्या वेल्श न्यायालये अधिनियमात झाली. वेल्शमध्ये साक्ष देण्याची मुभा त्याने दिली, तथापि इंग्रजीत बोलल्यास अडचण होईल अशा व्यक्तीपुरतीच. पूर्ण समान हक्क त्यातून मिळाला नाही. १९४१ मध्ये जनगणना झाली नाही. १९५१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारांची संख्या ७,१४,६८६ (२८·९ टक्के) भरली. या घटीतील युद्धाचा वाटा वेगळा काढता येत नाही, कारण मंदीतील देशत्यागाचे परिणामही त्याच आकड्यांत मिसळलेले आहेत.

एपिंट लष्कराने परत दिले नाही. तो भाग अद्याप सेनीब्रिज प्रशिक्षणक्षेत्र म्हणून वापरात आहे. बॅबेल चॅपेलच्या जागी पाया व थडग्यांचे दगड राहिले आहेत. महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये पेंब्रोकशरमधील प्रेसेली डोंगरही कायमच्या सरावासाठी घेण्याचा युद्धखात्याने बेत केला. या वेळी शत्रू दाराशी नव्हता व एपिंटवर काय झाले हे सर्वांना ठाऊक होते. चॅपेलांचे धर्मोपदेशक, शिक्षक व शेतकरी यांनी गावोगाव सभा घेऊन विरोध संघटित केला आणि १९४८ मध्ये तो बेत सोडून देण्यात आला.